मदत हवी आहे : बौद्धिक अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांच्या संगीतातील स्वतःच्या निर्मितीला वाव कसा द्यावा?

पांढरी पाच (धागाकर्ती)

सप्रेम नमस्कार.

मी एका विशेष शाळेत संगीत शिकवते. वर्गात बारा ते सोळा वयाचे सात विद्यार्थी आहेत. सर्वांना सौम्य ते मध्यम स्वरूपाची बौद्धिक अक्षमता आहे, त्यांपैकी दोघांना डाउन सिंड्रोम आहे आणि एक जण शब्दांत फारच थोडे बोलतो. माझे स्वतःचे शिक्षण शास्त्रीय गायनाचे आहे, विशेष शिक्षणाची पदविका माझ्याकडे नाही, त्यामुळे जाणत्या मंडळींकडून मार्गदर्शन मिळावे या हेतूने हा धागा काढत आहे.

अडचण नेमकी कोठे आहे ते आधी सांगते. या मुलांना गाणी बसवता येतात. संथ लयीत, लहान लहान तुकड्यांत आणि पुन्हा पुन्हा घेतले की प्रार्थना, समूहगीते, केरव्याच्या (आठ मात्रांच्या तालाच्या) ठेक्यावरच्या टाळ्या असे बहुतेक सर्व जमते, आणि त्याविषयी माझा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो त्यापुढचा. ही मुले अधूनमधून स्वतःहून काही बदलतात, काही जोडतात, असे मला दिसते. ते ओळखावे कसे, त्याला खतपाणी घालावे कसे आणि माझ्या शिकवण्याच्या ओघात ते नकळत पुसले जाऊ नये म्हणून कोणती काळजी घ्यावी, हे मला कळत नाही.

तीन उदाहरणे देते, म्हणजे बोलणे हवेत राहणार नाही.

जो मुलगा कमी बोलतो, तो पेटीजवळ बसतो तेव्हा भाता मी हलवते आणि स्वर तो दाबतो. सा, रे, ग असे तीन स्वर तो एकाच गतीने तीनदा वाजवतो. चौथ्या वेळी गंधारावर (ग वर) बोट तसेच ठेवतो आणि माझ्या चेहऱ्याकडे न पाहता भात्यावरच्या माझ्या हाताकडे पाहतो. मी भाता थांबवला की सूर विरत जातो, आणि तो पूर्ण विरला की मुलगा हसून पुन्हा सा दाबतो. अलीकडे भाता कधी थांबवायचा हेही तो हनुवटी वर करून सांगू लागला आहे. वर्गातील सहायक बाई याला खोड म्हणतात. मला तसे वाटत नाही. परंतु मी त्यात नसलेले संगीत शोधत आहे की काय, अशी शंकाही मनात असतेच.

दुसरी मुलगी खंजिरी वाजवते. तिला डाउन सिंड्रोम आहे. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, थाप द्यावी असे सर्वांना शिकवले असताना तिची थाप समेनंतर पडते. ती उशीर करते असे सगळे म्हणतात, पण हा उशीर प्रत्येक आवर्तनात (तालाच्या प्रत्येक फेरीत) जवळजवळ तेवढाच असतो, आणि मला त्याचेच कुतूहल आहे.

तिसऱ्या विद्यार्थ्याचा आवाज सुरेल आहे आणि त्याला पेटीवर अनेक चाली येतात. मात्र "आता तुझ्या मनाने काहीतरी वाजव" असे म्हटले की तो दर वेळी शाळेची प्रार्थनाच वाजवतो, आणि फारच आग्रह केला तर हात मांडीवर ठेवून गप्प बसतो.

आमच्या परंपरेत आधी गुरूच्या मागून जसेच्या तसे म्हणायचे, वर्षानुवर्षे घोकायचे, आणि उपज, म्हणजे आयत्या वेळी स्वतःला सुचलेले, त्यानंतर कधीतरी आपोआप येईल असे मानायचे. ज्या मुलांना एक चाल बसवायला महिने लागतात, त्यांच्या बाबतीत हा क्रम धरून ठेवला तर उपजेची पाळी कधीच येणार नाही, अशी मला भीती वाटते. म्हणून विचारते की निर्मितीची सुरुवात पहिल्या दिवसापासून करता येते का, आणि येत असेल तर वर्गात प्रत्यक्ष काय करावे? शिवाय स्नेहसंमेलन जवळ आले असून शाळेला बसवलेले समूहगीतच हवे आहे, हीदेखील एक बाजू आहे.

चौकोनी वही

मी विशेष शिक्षिका आहे, संगीतातले मला फारसे कळत नाही, त्यामुळे माझ्या बाजूचे तेवढे सांगते.

सर्वांत आधी सातही मुलांच्या श्रवणाची तपासणी अलीकडे झाली आहे का, ते पाहावे. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये मध्यकर्णात द्रव साठणे वारंवार घडते आणि त्यामुळे ऐकू येणे आठवड्याआठवड्याला कमी-जास्त होऊ शकते. त्या मुलीची थाप तुम्ही संगीताच्या अंगाने तपासणार असाल तर कानाची खात्री त्याआधी हवी. याच मुलांमध्ये ऐकलेले लक्षात ठेवण्यापेक्षा पाहिलेले लक्षात ठेवणे साधारणपणे अधिक सोपे असते, म्हणून तोंडी सूचनेपेक्षा चित्र, रंग किंवा हाताची खूण जास्त उपयोगी पडते. त्यांच्या स्नायूंचा ताण कमी आणि सांधे सैल असतात. जाड कातड्याचे आणि जोराने थाप मागणारे वाद्य दिले तर सुचलेले वाजवण्याआधीच हात थकतो.

दुसरी गोष्ट थांबण्याची. सूचना दिल्यावर मनात सावकाश दहा अंक मोजावेत आणि तोवर ती सूचना पुन्हा उच्चारू नये. मूल पहिली सूचना मनात लावत असतानाच दुसरी आली की त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. शिक्षकाला ही दहा अंकांची शांतता फार लांब वाटते. मुलाला ती पुरेशी असते, एवढेच.

तिसरी गोष्ट हात धरून वाजवून घेण्याची. विशेष शाळांत हे सर्रास चालते, आणि चमचा धरायला किंवा बटण लावायला शिकवताना त्याला जागाही आहे. परंतु स्वतःचे काही वाजवायचे असेल तेव्हा मुलाचा हात धरू नये, कारण तेव्हा निर्णय धरणाऱ्याचा होतो. मदत लागलीच तर आपला हात मुलाच्या हाताखाली आधारासारखा ठेवावा, म्हणजे त्याला हवा तेव्हा त्याचा हात सुटा राहतो. सहायक बाईंना हे एकदा नीट समजावून सांगावे लागेल, कारण मूल गप्प बसलेले दिसले की कोणाच्याही हातून मदत आपोआप होऊन जाते.

वर्गात कोणी मोठ्या आवाजाला कान झाकत असेल तर तो खोडकरपणा समजू नये. काही मुलांना, विशेषतः विल्यम्स सिंड्रोम (एक दुर्मिळ जनुकीय विकार) असलेल्या मुलांना, आवाज इतरांपेक्षा कितीतरी तीव्र लागतो. आणि याच मुलांना संगीताची ओढही अनेकदा विलक्षण असते. अशा मुलाला दाराजवळ बसवावे आणि बाहेर जाऊन परत येण्याची मुभा द्यावी.

ठाय लय

धागाकर्तींनी दिलेल्या उदाहरणांतच निम्मी उत्तरे आहेत, असे मला वाटते. मी तबला वाजवतो आणि काही वर्षे अशा मुलांसोबत काम करत आलो आहे, त्या आधारावर लिहितो.

पेटीवाल्या मुलाकडे प्रथम वळतो. नुसती खोड असेल तर ती आपण काहीही केले तरी तशीच चालू राहते. रचना असेल तर ती आपल्या वागण्याला उत्तर देते. त्यामुळे पारख करण्याचा मार्ग सोपा आहे. पुढच्या वेळी त्याने हनुवटी वर केल्यावर भाता थोडा उशिरा थांबवा. तो वाट पाहतो का, पुन्हा खूण करतो का, की त्याला काही फरकच पडत नाही? नंतर त्याचेच सा, रे, ग तुम्ही दुसऱ्या वाद्यावर त्याच गतीने वाजवून दाखवा आणि थांबा. त्यापुढच्या फेरीत एकच गोष्ट बदला, समजा शेवटी गंधाराऐवजी पंचम (प) ठेवा. मुलाने बदल उचलला, नाकारला किंवा त्यावर आणखी काही केले, तर तिन्ही वेळा ते उत्तरच आहे. तीनदा तेच आणि चौथ्यांदा वेगळे, ही तर तिहाईच्या (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येण्याच्या) जवळ जाणारी अपेक्षा आणि तिचा भंग आहे. आणि सूर विरू देणे हा त्याच्या तुकड्याचा शेवट आहे, असे निदान मी तरी धरून चालेन.

मुलाचा आवाज उचलून त्यालाच परत देण्याची ही पद्धत जुनी आणि कसाला लागलेली आहे. अमेरिकन संगीतकार पॉल नॉर्डॉफ आणि ब्रिटिश विशेष शिक्षक क्लाइव्ह रॉबिन्स यांनी 1959 पासून अशा मुलांसोबत काम करताना पियानोवर मुलाच्या रडण्याला, हालचालीला, ढोलावरच्या थापेला तत्क्षणी संगीताने साथ दिली, आणि त्यातून एक संपूर्ण उपचारपद्धती उभी राहिली. आपण उपचार करत नाही, शिकवतो. त्यामुळे त्यांचे सगळेच आपल्याला लागू होणार नाही. परंतु मुलाने काय वाजवले ते आधी ऐकायचे आणि मग आपण वाजवायचे, हा क्रम वर्गातही तितकाच खरा आहे.

खंजिरीच्या बाबतीत लय बदलून पाहा. केरवा आधी मध्यलयीत आणि मग स्पष्टपणे ठाय, म्हणजे संथ, लयीत वाजवा. समेपासून तिच्या थापेपर्यंतचा वेळ दोन्ही वेळा तेवढाच राहिला तर हात उचलून खाली यायला तिला तेवढा अवधी लागतो असे समजावे, आणि मग आपण तिला खूण थोडी आधी द्यावी. लय संथ झाल्यावर ते अंतरही त्याच प्रमाणात लांबले तर मात्र ती मात्रा मोजते आहे, म्हणजे थाप कोठे द्यायची हे तिने ठरवले आहे. तसे असेल तर कृपा करून तिला समेवर ओढू नका. बाकीच्यांनी सम धरावी आणि तिची थाप उत्तर म्हणून येऊ द्यावी. ठेका त्याने भरदारच होईल.

तिसऱ्या मुलाला "मनाने वाजव" ही सूचना फार मोकळी पडते. इतक्या मोकळ्या सूचनेने कसलेले कलाकारही गोंधळतात. त्याला निवड द्या, पण लहान द्या. तुम्ही तान अर्ध्यावर सोडा आणि शेवट सा वर करायचा की पंचमावर, एवढेच त्याला ठरवू द्या. ते जमू लागले की भूप रागाचे पाच स्वर (सा, रे, ग, प, ध) ठेवा आणि मध्यम व निषाद (म आणि नी) झाकून टाका. पाच स्वरांत कोणताही स्वर कोणत्याही स्वराशेजारी आला तरी कानाला खटकत नाही, म्हणून चुकण्याची धास्ती उरत नाही. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ आणि त्यांच्या सहकारी गुनिल्ड केटमन यांनी मुलांसाठी घडवलेल्या पद्धतीतही पंचस्वरी सप्तक आणि सतत फिरणारा एक छोटा ठेका हाच पाया आहे, आणि त्यांच्या झायलोफोनच्या पट्ट्या काढून ठेवता येतात त्या याचसाठी. पेटीच्या पट्ट्या काढता येत नाहीत, पण नको असलेल्या पट्ट्यांवर पुठ्ठ्याची पट्टी बसवली की काम भागते. प्रार्थना वाजवण्यालाही हरकत घेऊ नका. तिचीच पहिली ओळ घ्या, ती दुप्पट संथ करायची की मधला एक स्वर बदलायचा हे त्याला विचारा. माहीत असलेल्या चालीत केलेला बदल हीदेखील निर्मितीच आहे, आणि आपली बढत, म्हणजे रागाचा हळूहळू केलेला विस्तार, तरी दुसरे काय असते?

नोंदींसाठी ॲडम ऑकेलफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये तयार केलेली 'साउंड्स ऑफ इंटेंट' ही चौकट उपयोगी पडेल. तिच्यात मूल आवाजाला प्रतिसाद कसा देते, स्वतःहून आवाज कसा करते आणि दुसऱ्याबरोबर आवाजाची देवघेव कशी करते, अशा तीन अंगांनी सहा पायऱ्या मांडल्या आहेत. तिसऱ्या पायरीवर साधी पुनरावृत्ती येते, चौथीवर स्वरांचे छोटे गट आणि त्यांची जोडणी. तुमचा पेटीवाला मुलगा या दोहोंच्या सीमेवर असावा असा माझा अंदाज आहे.

एक पालक

माझा मुलगा अशाच शाळेत आहे. वरील सर्व पटते, तरीही एक बाजू मांडतो. बसवलेल्या गाण्यात इतर मुलांच्या बरोबरीने उभे राहणे आणि ते शेवटपर्यंत म्हणणे, यातला आनंद आमच्या मुलांना कमी मिळतो, आणि तो आनंद माझ्या मुलाच्या चेहऱ्यावर मी पाहिला आहे. निर्मितीच्या उत्साहात समूहगीत हलके मानले जाऊ नये, एवढीच विनंती. त्याच वेळी हेही कबूल करतो की, घरी तो डब्यांवर काय वाजवतो ते मी आजवर गोंगाट म्हणूनच ऐकत आलो.

पांढरी पाच (धागाकर्ती)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पालकांचे म्हणणे रास्त आहे. समूहगीत मी सोडणार नाही.

लय बदलून पाहिली. ठाय लयीत त्या मुलीच्या थापेचे अंतर स्पष्टपणे लांबले आणि थाप बरोबर दुसऱ्या मात्रेवर आली. कानाची तपासणीही करून घेण्यास घरी सांगितले आहे. तिसऱ्या मुलाने तानेचा शेवट निवडला, पण दोन्ही वेळा पंचमच निवडला, त्यामुळे तो खरोखर निवडतो आहे की शेवटी उच्चारलेला पर्याय उचलतो आहे, हे मला सांगता येत नाही.

आणखी एक विचारायचे आहे. मुलांनी केलेले तुकडे टिकवावेत कसे? दुसऱ्या दिवशी ते त्यांना आठवत नाहीत, आणि मी सरगमात लिहून ठेवले तरी ते त्यांना वाचता येत नाही.

ठाय लय

पर्यायांचा क्रम उलटा करून विचारा, आणि शब्दांऐवजी दोन्ही शेवट वाजवून दाखवा. क्रम उलटल्यावरही पंचमच आला तर ती त्याची आवड आहे.

टिकवण्यासाठी पहिले साधन म्हणजे ध्वनिमुद्रण. तुकडा झाल्या झाल्या त्यालाच ऐकवावा आणि त्याला नाव देण्यास सांगावे. बोलता येत नसेल तर चित्र निवडू द्यावे. पुढच्या तासाला चित्र दाखवले की तुकडा आठवण्यास मदत होते. दुसरे साधन लेखनाचे. फिनलंडमध्ये 1990 च्या दशकात कार्लो उसितालो यांनी 'फिगरनोट्स' नावाची पद्धत तयार केली. तिच्यात प्रत्येक स्वराला एक रंग आणि प्रत्येक सप्तकाला एक आकार असतो, आणि तीच खूण वाद्यावरही चिकटवलेली असते. मूल कागदावरचा रंग आणि आकार पाहते आणि वाद्यावर तोच शोधते, त्यासाठी अक्षर यावे लागत नाही. सरगमासाठी असेच रंग तुम्ही स्वतः ठरवू शकता, फक्त वर्षभर ते बदलू नयेत.

अशा मुलांकडून रचना होणार तरी किती, असे कोणी विचारले तर दोन नावे सांगत जा. जपानचे हिकारी ओए, जन्म 1963, यांना जन्मापासून बौद्धिक अक्षमता आहे. पियानो आणि बासरीसाठीच्या त्यांच्या रचनांची पहिली ध्वनिमुद्रिका 1992 मध्ये निघाली. दुसरे म्हणजे फिनलंडचा 'पेर्टी कुरिकान निमिपाइवात' हा पंक वाद्यवृंद. त्याच्या सदस्यांना बौद्धिक अक्षमता आहे, आणि 2015 च्या युरोव्हिजन या युरोपीय गीतस्पर्धेत त्यांनी आपल्या देशाचे प्रतिनिधित्व केले. त्यांचे गाणे स्वतःच्या आयुष्यातील कटकटींवर होते आणि दीड मिनिटापेक्षाही लहान होते. लांबीची चिंता म्हणूनच करू नये.

स्नेहसंमेलनात समूहगीताच्या दोन कडव्यांमध्ये आठ-आठ मात्रांची मोकळी जागा ठेवा आणि तेथे मुलांचे तुकडे येऊ द्या. गीतही राहील आणि त्यांचेही राहील. निवेदनात रचना कोणाची, ते सांगायला विसरू नका.

चौकोनी वही

ध्वनिमुद्रण बाहेर कोणाला ऐकवायचे असेल तर पालकांची लेखी संमती घ्यावी आणि मुलालाही विचारावे. 'ऐकवूया' आणि 'नको' अशी दोन चित्रे समोर ठेवली तर न बोलणारे मूलही उत्तर देते. त्याने 'नको' निवडले तर पालकांची संमती असली तरी ऐकवू नये.

पांढरी पाच (धागाकर्ती)

हे सर्व करून पाहते. रंगांविषयी एक शंका राहिली. एका विद्यार्थ्याला लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही असे मला वाटते. त्याच्यासाठी काय करावे?

चौकोनी वही

त्याच्या वाद्यावर निळा आणि पिवळा हे रंग शेजारच्या स्वरांना द्यावेत, लाल आणि हिरवा शेजारी येऊ देऊ नयेत, आणि रंगाबरोबर स्पर्शाचीही खूण ठेवावी. सा वर खरखरीत कागदाचा तुकडा आणि पंचमावर कापडाचा, असे चिकटवले तर रंग चुकला तरी बोटाला जागा सापडते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून रंगओळखीची चाचणीही करून घ्यावी. अक्षरे न येणाऱ्या मुलांसाठी आकृत्यांची चाचणी उपलब्ध असते.